काजूखालचा पाला, रानकोंबडी आणि मार्चअखेर

फेब्रुवारी सरता सरता गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याही काजूच्या बागायतीत डोकावून पाहा. बोंडू धरू लागलेले असतात आणि ते गळायच्या आत खालची जमीन झाडून लख्ख करायची घाई चाललेली असते. कोयत्याने झुडपे सपाट करायची, खराट्याने पाला ओढायचा, ढीग लावायचा आणि काडी लावायची. मोकळ्या जमिनीवर बी पटकन नजरेला पडते, पायाखाली साप येत नाही, वेचणाऱ्या बायकांचे काम हलके होते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काही नाही. फक्त नेमक्या त्याच आठवड्यांत, तसल्याच एखाद्या झुडपाच्या बुडाशी, पाल्यात वीतभर खळगा करून रानकोंबडी चार ते सात अंड्यांवर बसलेली असते.

हा आपला करडा रानकोंबडा, कोकणीत रानकोंबो. मोर, चकोत्री, तितर, लावे यांच्या कुळातला, म्हणजे युरोप-अमेरिकेत ज्याला फेझंट म्हणतात त्याचा भाऊबंद. भारताबाहेर तो रानात कुठेही सापडत नाही. नराच्या मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब गोठावेत तसे चकचकीत पिवळट ठिपके असतात. विलायतेतले गळाने मासे धरणारे शौकीन या पिसांपासून बनावट माश्या बांधत, आणि त्यांच्या या शौकापायी आपल्या रानातली पिसे बोटीने तिकडे जात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार बंद आहे. अंडी उचलणे आणि घरटे मोडणे हेही त्या कायद्यात शिकारच धरले जाते. जाता जाता एक गंमत: पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज, पण तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकीय अभ्यासातून दिसून आले. बाजारात पिवळ्या पायांची गावठी कोंबडी निवडून घेणाऱ्याने या पक्ष्याशी नाते सांगायला हरकत नाही.

जागतिक यादीत रानकोंबडा संकटग्रस्त नाही. मग त्याच्यासाठी सरकारी पैसा का खर्चावा? कारण असा पक्षी एकदम नाहीसा होत नाही; एकेक डोंगरावरून उठतो. पहाटे ज्या उतारावरून ‘कुक्-काया-काया-कुक्’ ऐकू यायचे तिथे ते बंद होते आणि शेजारच्या उतारावर सुरू असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय त्याला जी जमीन लागते तीच चकोत्रीला आणि पाचू कवड्यालाही लागते. एकासाठी केलेले काम सगळ्यांच्या उपयोगी पडते.

याच कुळातला मोर मात्र वाढतो आहे. ‘भारतीय पक्ष्यांची सद्यःस्थिती’ या २०२३च्या अहवालाप्रमाणे देशभरात गेल्या वीस वर्षांत मोरांचे प्रमाण दीडशे टक्क्यांहून जास्त वाढले. गोव्यात तर २०१६ साली त्याला पिकांना उपद्रव देणाऱ्यांच्या यादीत घालायची भाषा झाली होती. मोराला मोकळी शेते, झाडून काढलेली बागायत आणि माणसाचा शेजार चालतो. रानकोंबड्याला तो चालत नाही. म्हणून ‘मोर दिसतात, म्हणजे रान चांगले आहे’ हा हिशेब या पक्ष्याला लागू पडत नाही.

वरून हिरवे, खालून उघडे

२०२१च्या वन सर्वेक्षण अहवालात गोव्याचे वनाच्छादन सुमारे २,२४४ चौरस किलोमीटर दिले आहे, म्हणजे राज्याच्या साठ टक्क्यांच्या घरात. हा आकडा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढतात. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांचे छत्र दहा टक्के किंवा जास्त दिसले की ते वन. झाड कुठले, जमीन कोणाची, हे त्यात पाहिले जात नाही. काजूची बागायतही त्यात बसते. उपग्रहाला शेंडा दिसतो. रानकोंबडी राहते ती बुंध्यापाशी, गुडघ्याच्या खालच्या पट्ट्यात. रात्री तो पक्षी झाडावर किंवा बांबूच्या बेटात झोपतो खरा, पण खाणे, लपणे, वीण हे सारे जमिनीवर.

ब्रिटनमध्ये करड्या तितरावर झालेल्या दीर्घ अभ्यासातून एक सोपी मांडणी पुढे आली: तीन पायांचे स्टूल. अंडी घालायला आडोसा, पिलांना किडे, आणि अंडी-पिले खाणाऱ्यांपासून बचाव. यातला एक पाय मोडला की बाकीचे दोन कितीही भक्कम असले तरी स्टूल पडते. रानकोंबड्याला हे तंतोतंत लागू होते.

हिशेब मांडून पाहा. अंडी रोज एक या बेताने घातली जातात, त्यात जवळजवळ आठवडा जातो. उबवणीला २१ दिवस, आणि त्या काळात कोंबडी एकटीच असते. नर अंड्यांवर बसत नाही. अंडी फुटली की पिले लगेच आईमागे चालू लागतात, पण फडफडून फांदीवर जायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे एका विणीला साधारण सव्वा महिना जमीन न हलवलेली हवी. वीण जास्त करून फेब्रुवारी ते मे या काळात. काजूचा हंगाम तोच, वणव्यांचाही तोच. पहिली अंडी गेली तर कोंबडी पुन्हा घालते, पण तोवर पाला जळून गेलेला असतो, आणि उशिरा निघालेली पिले मृगाच्या पहिल्या सरींत भिजून गारठतात.

पिलांना पहिले दोन-तीन आठवडे दाणा भागवत नाही, प्रथिने लागतात: वाळवी, मुंग्यांची अंडी, अळ्या, छोटे टोळ. हे सारे कुजक्या पाल्यात असते. कोंबडी पायाने पाला उकरते ती याच्यासाठी. झाडलेल्या जमिनीवर उकरायला काही उरत नाही. जळलेल्या जमिनीवर तर पुढचा पाला साठेपर्यंत काहीच नाही.

करायचे काय

पहिले काम आगपट्टीचे. रानाच्या कडेने, वाटांच्या दुतर्फा आणि बागायत जिथे रानाला भिडते तिथे चार-पाच मीटर रुंदीची पट्टी पाला ओढून मातीपर्यंत मोकळी करायची. गोव्यात चूक होते ती वेळेची. पट्टी डिसेंबरात काढली की कागदोपत्री काम संपते. पण ऐन (इथे ज्याला माट म्हणतात), किंदळ यांची पानगळ त्यानंतर पुढे चालू राहते. फेब्रुवारीच्या मध्याला तीच पट्टी पुन्हा पाल्याने भरलेली असते, आणि आग तिच्यावरून निवांत पलीकडे जाते. म्हणून एक पट्टी, तीन झाडण्या: डिसेंबरअखेर, जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या शेवटी. मजुरीही त्याच तीन हप्त्यांत द्यावी, नाहीतर दुसरी झाडणी होतच नाही. ओढलेला पाला जाळायचा नाही. रानाच्या आतल्या बाजूला पसरून टाकायचा. अंदाजपत्रक दुसऱ्या तालुक्यावरून उतरवून घेऊ नका. पहिल्या दिवशी शंभर मीटर मोजून काढा, किती माणसे आणि किती तास लागले ते लिहा आणि त्यावरून पुढचे धरा; उतार आणि झुडपे यांवर हा आकडा दुप्पट-तिप्पट बदलतो.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यापासून सुरू होऊन ठिकठिकाणी वणवे पेटले, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आणावी लागली. हेलिकॉप्टरच्या एका फेरीच्या खर्चात खराट्याच्या किती झाडण्या होतील, हे गणित कोणीतरी एकदा मांडायला हवे.

दुसरे काम रानमोडीचे, म्हणजे बाहेरून येऊन रानभर पसरलेल्या झुडपाचे, आणि इथे जरा थांबून सांगावे लागेल, कारण उत्साहाने केलेले काम सर्वांत जास्त याच ठिकाणी उलटते. रानमोडी उजेड मिळाला की माजते. थंडीच्या सुरुवातीला फुलते, बी वाऱ्यावर उडते, आणि मार्चपर्यंत तिच्या काटक्या अशा वाळतात की आग जमिनीवरून उचलून झाडाच्या फांद्यांपर्यंत नेतात. नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून आधीपेक्षा जास्त फुटवे येतात. ती उपटावी लागते, तीही ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, जमीन ओली आणि भुसभुशीत असताना, फुले यायच्या आत. त्याच जागी तीन वर्षे परत यावे लागते, कारण मातीत पडलेले बी उगवतच राहते. घाणेरी, म्हणजे टणटणी, वेगळी: तिचे मुख्य मूळ जमिनीखाली बोटभर खोलीवर तोडून अख्खे झुडूप उलटे टाकायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही.

पण सगळी रानमोडी एका दमात काढायची नाही. दुसरे झुडूप नसलेल्या डोंगरावर तोच रानकोंबड्याचा एकुलता एक आडोसा असतो. एकदम साफ केलेल्या उतारावर छायाचित्र सुंदर येते आणि पक्षी निघून जातो. पट्टे पाडा: पहिल्या वर्षी एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दुसरा, तिसऱ्या वर्षी उरलेला. काढलेल्या पट्ट्यात करवंद, कुडा, धायटी, मुरडशेंग, कारवी वर येऊ द्या. बहुतेक ठिकाणी नवे लावायची गरजही पडत नाही. गुरे आणि आग दोन पावसाळे दूर ठेवली की मुळांतून आपोआप फुटते. करवंद तर लाखमोलाचे: काट्यांमुळे कुत्रा शिरत नाही, एप्रिल-मेमध्ये फळ मिळते आणि खाली सावली राहते.

काजूच्या बागायतीत ‘झाडूच नका’ असे सांगून कोणी ऐकणार नाही, ऐकूही नये. बी वेचायला मोकळी जमीन लागतेच. मध्यम मार्ग असा: झाडाच्या छत्राखाली, जिथे बोंडू पडतो, तेवढेच गोल झाडायचे. सात-आठ मीटरवर लावलेल्या जुन्या कलमांची छत्रे एकमेकांत मिसळलेली असतात, तिथे गोल सोडायला जागा उरत नाही. तिथे दर पाचवी ओळ न झाडता ठेवायची आणि तिथले बी हंगामाच्या शेवटी वेचायचे. बांधाची कडा, ओहोळाचा काठ, दगडांचे ढीग यांच्या भोवतीचे झुडूप मेअखेरपर्यंत हलवायचे नाही. ओढलेला पाला जाळण्याऐवजी बुंध्याभोवती आच्छादन म्हणून टाकला तर ओलही टिकते आणि वाळवीही तिथेच जमते. ती वाळलेल्या पाल्यावर आणि काटक्यांवर जगते, पिलांना तेवढीच हवी. ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी मोहोराच्या काळात फवारणी करावीच लागत असेल तर ती झाडावर करा. झुडपांवर आणि न झाडलेल्या ओळीवर औषध उडू देऊ नका.

पाण्याच्या टाक्या बांधायचा मोह सगळ्यांना होतो, कारण टाकी दाखवता येते. सिमेंटच्या उभ्या भिंतीच्या खड्ड्यात पिले बुडून मरतात, आणि पाणवठा एकच असला की फास लावणाऱ्याचेही काम सोपे होते. आधी जुनी झर गाळ काढून वाहती करा. टाकी बांधायचीच असेल तर एक बाजू उतरती ठेवा, काठाशी पाणी चार बोटांपेक्षा खोल नको, आणि पाच-दहा पावलांवर झुडूप असू द्या.

शत्रूंचा विचार करताना आपण मुंगूस आणि घोरपड यांच्याकडे बोट दाखवतो. ते या रानात पिढ्यानपिढ्या आहेत आणि रानकोंबडाही त्यांच्यासोबत टिकलेला आहे. नवे आहे ते हॉटेलांच्या आणि बाजाराच्या कचऱ्यावर पोसलेले कुत्रे. कचरा उघडा टाकणे बंद केल्याशिवाय कुत्र्यांचे काही होत नाही. त्यामुळे हे काम वनखात्याचे कमी आणि पंचायतीचे जास्त. रानडुकरासाठी लावलेल्या फासात कोंबडा अडकतो, तेही याच कडांवर. झाडणी करणाऱ्या टोळीला फास ओळखायला आणि काढायला शिकवले तर वेगळी गस्त लागत नाही.

पिंजऱ्यातले पक्षी सोडू नका

कुठेही पक्षी कमी झाले की पहिली सूचना हमखास येते: पैदास करा आणि सोडा. फीत कापता येते, वर्तमानपत्रात येते. ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट पैदास करून सोडले जातात, ते शिकारीसाठी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सोडावे लागतात. पाकिस्तानातल्या मारगल्ला टेकड्यांत चीर या फेझंटची अंडी ब्रिटनमधून आणून पक्षी वाढवून सोडले गेले. तिथे स्वतःच्या पायावर उभी राहील अशी संख्या झाली नाही. कारण सरळ आहे. आईमागे न वाढलेल्या पिलाला घिरट्या घालणाऱ्या ससाण्याच्या सावलीचा अर्थ कळत नाही.

आपल्याकडे दोन धोके आणखी आहेत. करडा रानकोंबडा आणि पाळीव कोंबडी यांचा संकर होतो, त्यामुळे पिंजऱ्यातला पक्षी शुद्ध आहे याची खात्री डोळ्यांनी देता येत नाही. आणि पाळीव कळपातला मानमोडी रोग, म्हणजे राणीखेत, सोडलेल्या पक्ष्यासोबत रानात जातो. पैसा खर्चायचाच असेल तर रानाला लागून असलेल्या वाड्यांवरच्या गावठी कोंबड्यांना लस टोचा: पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी ही लस. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात कोंडल्या तर संकरही कमी होतो.

पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे

अमेरिकेत १९३७च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. राज्याने एक रुपया घातला की केंद्र तीन घालते. दुसरी योजना १९८५ची: शेतकऱ्याने धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे गवताखाली ठेवायची आणि सरकारने त्याचे भाडे द्यायचे. फेझंट तिथला मूळचा नाही, आशियातून नेलेला. तरी या गवतात तो भरभराटला. २००७ साली या योजनेत सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. मग मक्याचा भाव चढला, करार संपले तसे शेतकऱ्यांनी गवत नांगरले आणि पक्षी घसरले. भाडे थांबले की अधिवास थांबतो.

आपल्याकडे शिकार बंद, तेव्हा काडतुसांवरचा कर नाही. आपल्याकडे पैसा येतो तो रान तोडण्यातून. खाण, रस्ता, वीजवाहिनी यांसाठी वनजमीन वळवली की त्या रानाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे रान गेल्याने बुडणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरून घेतात. सर्वांत घनदाट आणि मोलाच्या वर्गासाठी २०२२चा दर हेक्टरी जवळपास १६ लाख रुपये आहे. हा पैसा २०१६च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याखाली जमा होतो. त्यातला ९० टक्के वाटा राज्याचा. २०१८च्या नियमांप्रमाणे या मूल्यापोटी आलेल्या रकमेतले किमान ८० टक्के वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर खर्चायचे असतात, आणि त्यात आगप्रतिबंध, नैसर्गिक पुनरुज्जीवनाला मदत, अधिवास सुधारणा ही कामे बसतात. म्हणजे वर सांगितलेले जवळजवळ सगळेच. खाणींच्या तालुक्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागासाठी खाणवाल्यांकडून घेतलेला पैसाही पर्यावरणासाठी वापरता येतो. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला २००२च्या कायद्याने स्वतःचा निधी ठेवता येतो. रक्कम लहान, पण नकाशा करायला, मोजणीला, लसीला पुरते.

तर अडते कुठे? एक, तारखेत. सरकारी वर्ष मार्चअखेर संपते. मंजुरी उशिरा आली की काम जानेवारीनंतर सुरू होते आणि पैसा परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये धडाक्याने ‘साफसफाई’ होते, म्हणजे ऐन विणीत, सरकारी खर्चाने. प्रस्तावातच कामाचे महिने लिहा: उपटणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, आगपट्टी डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि फेब्रुवारी ते मे पट्टीबाहेर कोयता बंद. दोन, मोजमापात. खड्डे किती, रोपे किती, जगली किती, एवढेच तपासले जाते, म्हणून झाडे लावली जातात. झुडूप मोजता येत नाही अशी सबब असते. येते मोजता. मीटरभर उंचीची फळी घ्या, तिच्यावर दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकोन रंगवा, एकाने ती झुडपात उभी धरा, दुसऱ्याने दहा मीटरवरून गुडघ्यावर बसून दिसत नाहीत ते चौकोन मोजा. दहा ठिकाणी हे करा आणि तिथेच पट्टीने पाल्याची जाडी घ्या. बिल त्या आकड्यांवर काढा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. राज्यात नोंदलेले वनक्षेत्र साधारण साडेबाराशे चौरस किलोमीटरच आहे; उरलेली हिरवाई खासगी, कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या सामूहिक मालकीची), देवस्थानाची. भरपाई निधी मुख्यतः वनजमिनीवर खर्च होतो. रानकोंबडी जिथे अंडी घालते ती कडा नेमकी या दोहोंच्या सीमेवर. पाचवी ओळ न झाडणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी ठरावीक मोबदला, आणि फेब्रुवारीत व एप्रिलात फळी घेऊन दोनदा तपासणी, अशी छोटी योजना जैवविविधता समितीमार्फत चालवता येईल. करार एका वर्षाचा नको, दहा वर्षांचा हवा. अमेरिकेतल्या मक्याच्या जागी आपल्याकडे बंगल्यांचे प्लॉट आहेत, एवढाच फरक.

मोजणी

काम उपयोगी पडते की नाही ते आवाजावरून कळते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, एकाच वाटेवर पाचशे मीटर अंतराने पाच जागा ठरवा. प्रत्येक जागी दहा मिनिटे उभे राहा, आरवणाऱ्या प्रत्येक कोंबड्याची दिशा होकायंत्राने टिपा, जवळ-मध्यम-लांब असे अंतर लिहा. शेजारच्या दोन जागांवरून एकच कोंबडा ऐकू येतो. नकाशावर दिशांच्या रेषा ओढल्या की दुबार मोजलेले कळतात. वारा असेल तर परत फिरा. महिन्यात चार पहाटा करा आणि सर्वांत मोठा आकडा न घेता सरासरी घ्या. हा आकडा नरांचा, पक्ष्यांचा नव्हे. कोंबड्या यात येतच नाहीत. म्हणून मे-जूनमध्ये पिलांसह दिसलेल्या कोंबड्या आणि प्रत्येकीमागची पिले वेगळी लिहा. कोंबडे आरवतात पण पिले दिसत नाहीत, अशी तीन वर्षे गेली तर पाल्यात काहीतरी बिघडले आहे. जूननंतर नर मानेची झगमगती पिसे टाकून साध्या पिसांत जातो आणि आरवणे मंदावते, तेव्हा पावसाळ्यातली शांतता वहीत शून्य म्हणून लिहू नये.